सगळे म्हणजे सगळे

पुतळे करणाऱ्या घरात भांडणं फार होतात, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कोणी म्हणायला नको की असं कुठे असतं का! पुतळे म्हणजे चौकातले, घोड्यावर बसलेले नव्हेत. कपड्यांच्या दुकानात काचेमागे नवे सदरे घालून दिवसभर उभे राहतात ना, ते. अशा पुतळ्यांचा कारखाना खाली होता आणि तो चालवणारं कुटुंब वर राहायचं. जिना उतरला की माणूस कामावर पोचायचा आणि जिना चढला की कामावरचं भांडण घेऊन घरी पोचायचा.

कामाची वाटणी ठरलेली होती. जावईबापूंची बायको डोकी करायची, नाकडोळ्यांसकट. तिचा थोरला भाऊ, म्हणजे जावईबापूंचा मेव्हणा, हात करायचा. काका धडं आणि पाय करायचे. हे काका म्हणजे वारलेल्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. आणि सासूबाई मालकीण. त्या स्वतः काही घडवायच्या नाहीत, पण बाकीचे घडवतात की नाही याची काळजी चौघांच्या वाटची एकट्या करायच्या.

जावईबापूंकडे पेटी होती. खालच्या कोठीत, फोमच्या थप्प्यांमागे, एक काळी पेटी दिवसरात्र गुरगुरत असायची. तो फाइल सर्व्हर. चेहरा असो, अंगठा असो, बरगडी असो, सगळं आधी कॉम्प्युटरवर घडवायचं, मग त्या पेटीत ठेवायचं, आणि तिथून पेनड्राइव्हवर घेऊन कोरणीच्या यंत्राला भरवायचं. पेटी आणली सासऱ्यांनी, आप्पांनी. दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले आणि पेटी जावयाच्या गळ्यात पडली. घरजावई आणि त्यात कॉम्प्युटरवाला. म्हणजे घरातलं काहीही बंद पडलं, अगदी बाथरूमचा नळसुद्धा, की हाक यांनाच.

पेटीत प्रत्येकाच्या नावाचं एक फोल्डर होतं. घरातले त्याला खोली म्हणायचे. आप्पांचीही एक खोली होती. खोल्या होत्या, पण कुलपं नव्हती. कोणीही कुठेही शिरावं आणि मनाला येईल ते करावं, असा धर्मशाळेचा कारभार. मेव्हण्यानं एकदा बहिणीच्या डोक्याला मिशी चिकटवली. डोकं बाईचं होतं. ते लक्षात आलं तेव्हा त्याच्या सहा प्रती एका परकर-पोलक्यांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. बहिणीनं उट्टं म्हणून त्याच्या हाताची एक करंगळी छाटली. काकांच्या धडांची ढेरी कोणीतरी परस्पर उतरवली, तेव्हा काका जेवणाच्या टेबलावर उभे राहून म्हणाले, "ज्यानं माझ्या पोटावर हात फिरवला त्यानं समोर यावं!" कोणी आलं नाही. आमटी, भात, आरोप, असं ते जेवण दोन तास चाललं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कोठीत उतरल्या.

"जावईबापू, पेटीत प्रत्येकाला आपापल्या खोलीत कोंडता येतं का हो?"

"येतं की आई. दोन ओळींचं काम आहे."

"मग दोन वर्षं काय करत होतात?"

जावईबापूंनी कीबोर्ड पुढे ओढला. "म्हणजे ज्यानं त्यानं आपल्याच खोलीत जायचं. वर नाही, शेजारी नाही. शिरलं की ती खोली हीच सगळी पेटी. बाहेर आणखी काही आहे, हे दिसणारच नाही."

"अगदी मनातलं बोललात. सगळ्यांना कोंडा."

"तुम्हालासुद्धा?"

"सगळे म्हणजे सगळे. उद्या कोणी म्हणायला नको की मालकिणीला वेगळा न्याय आणि जावयाला वेगळा."

जावईबापू कामाला लागले. आणि काम हातात आलं की या माणसाला चेव येतो, तोच नडला. कुलपं घालतोच आहोत तर झाडलोटही करू, म्हणून त्यांनी आणखी एक नियम लिहिला: ज्या खोलीचं दार महिनाभर कोणी उघडलं नाही, ती खोली शनिवारी संध्याकाळी सातला आपोआप रिकामी व्हावी. उगीच अडगळ कशाला? मग कोंडण्याचा नियम. कोणाला लागू, तर सगळ्यांना. यात त्यांचं स्वतःचं नावही आलं.

आता या धंद्यात लहान पोरालाही ठाऊक असलेली एक रीत आहे. कुलपाचा नियम बदलताना कॉम्प्युटरच्या पडद्यावर पेटीत शिरलेली एक खिडकी उघडी ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून शिरून बघायचं आणि चुकलं असेल तर पहिलीतून दुरुस्त करायचं. जावईबापूंना ही रीत पाठ होती. पण वरून बायकोची हाक आली, "चहा निवतोय!" आणि यांनी हातासरशी खिडकी बंद केली. चहा पिऊन परत आले, आत शिरले, तर समोर स्वतःची खोली. वर जायला जिना नाही, शेजारी दार नाही. पेटीचा कारभारी पेटीतच कैद!

"बोंबला," जावईबापू म्हणाले.

पेटीची एक मुख्य किल्ली होती, सगळ्या नियमांच्या वरची. पण तिचा पासवर्ड आप्पांना ठाऊक होता, आणि आप्पा तो बरोबर घेऊन गेले. पेटी उघडून आतली डिस्क दुसरीकडे लावावी, तर आप्पांनी अशी व्यवस्था केलेली की जागेवरून हलली की ती कायमची मुकी. राखीव नक्कल होती, पण ती याच पेटीत, कारण वेगळी पेटी घ्यायचं आज-उद्या करत राहून गेलं होतं. जावईबापूंनी घाम पुसला आणि स्वतःची समजूत घातली. कुलूप लावायचं होतं, लागलं. उघडायला कोणी सांगितलंय? आपण तोंड मिटून बसावं.

आणि काय सांगू, घरात शांतता नांदायला लागली. सुंठीवाचून खोकला गेला. जेवताना फक्त चमचे वाजायचे. सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी हा नियम पेटीबाहेर काढला. कारखान्यात प्लायवूडच्या भिंती उभ्या राहिल्या, प्रत्येकाला एक खोका. नंतर जेवणाच्या टेबलाचे करवतीनं पाच भाग झाले. नंतर स्वयंपाकघरातल्या फळ्या वाटल्या गेल्या, आणि ज्याचं त्याचं मीठ, ज्याची त्याची साखर. एका खोलीत एका वेळी एकच माणूस, असा फळाच लागला. सासूबाई तर स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारावर टकटक करून "आत कोणी आहे का?" विचारायच्या आणि कोणी नसलं तरी थोडं थांबून शिरायच्या.

हे लोण जावईबापूंच्या बिछान्यापर्यंत आलं. बायकोनं गादीच्या मधोमध चिकटपट्टी लावली.

"हे काय आता?"

"तुझी खोली तिकडे, माझी इकडे," ती म्हणाली. "तूच केलंस ना सुरू?"

"अगं ते फायलींपुरतं होतं!"

"मला काही दिसत नाही पट्टीपलीकडे. कोणी बोलतंय का तिकडे?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आपणच, हे जावईबापूंना त्या रात्री पटलं. पण दांडा स्वतः काय करणार? ते कड बदलून झोपले.

मग पुतळ्यांचं सुरू झालं. आधी मापं चुकली. बायकोनं केलेल्या डोक्याची मान बादलीएवढी आणि काकांच्या धडावरचं भोक पेल्याएवढं. मेव्हण्याचे हात खांद्यात शिरेनात. मग त्याहून विचित्र झालं: कोणाचं काम संपेचना. बायको डोकं करायची, मान करायची, थांबायचं कुठे ते तिला कळायचं नाही, म्हणून मानेखाली दोन पावलं करायची. चेहरा सुरेख आणि त्याखाली लगेच पावलं. मेव्हण्यानं तळहातावर डोळे काढले, मग अंगठ्याला कान. काकांच्या धडांना बेंबीच्या जागी एक छोटं डोकं फुटलं आणि ते डोकं हुबेहूब काकांसारखं दिसायला लागलं. प्लायवूडआड प्रत्येकजण आपल्या एकाच अवयवातून अख्खा माणूस उभा करत होता, आणि दुसऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

कपड्यांच्या मोठ्या दुकानाची मालकीण, जिची ऑर्डर होती, तिचा फोन आला. सासूबाईंनी तो कोठीतच घेतला, कारण फोन जावईबापूंच्या खोक्यात मोडत होता.

"हे काय पाठवलंत हो? काचेपुढे ही गर्दी झालीय, बायका पोरांना उचलून दाखवतायत!"

"मग चांगलंच झालं की," सासूबाई म्हणाल्या.

"चांगलं काय! त्या डोक्याला टोपी घातली, बूट घातले. सदरा कुठे घालू? मला महिन्याअखेर धड पुतळे पाहिजेत, नाहीतर मी दुसरीकडे बघते."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि जावईबापूंकडे बघितलं, जणू सदऱ्याची जागा यांनीच खाल्ली.  पण बोल लावणार कसा? प्रत्येकानं आपापलं काम बिनबोभाट केलं होतं आणि त्यांना हवं होतं तेच झालं होतं.

त्याच आठवड्यात एकेकजण कोठीत यायला लागला. पहिले काका आले. दार लावलं, कानोसा घेतला, बसले.

"अहो जावई, एक भोक पाडता का?"

"कुठे, काका?"

"भिंतीत. पेटीतल्या. एवढंसं. भाऊंच्या खोलीत डोकावण्यापुरतं."

"आप्पांच्या? कशाला?"

काकांनी छताकडे बघितलं. "माझा चष्मा राहिलाय तिथे."

चष्मा काकांच्या नाकावर होता. जावईबापू त्याच्याकडे बघत राहिले, तसे काका उठले. "बरं, राहू द्या. आणि हे कोणाला सांगाल तर शपथ आहे माझी."

मग मेव्हणा आला. तो सरळ मुद्द्यावर येणारा माणूस. "आप्पांच्या खोलीत उंदीर झालेत," तो म्हणाला.

"फोल्डरमध्ये?"

"उंदरांना काय, कुठेही होतात. मला पाच मिनिटं आत सोडा, बघून येतो. बहिणीला कळता कामा नये, शपथ आहे तुम्हाला."

ताकाला जाऊन भांडं लपवणारी ही एकेक मंडळी! जावईबापूंनी दोघांनाही 'बघतो' म्हणून वाटेला लावलं. त्याहून जास्त ते काय करू शकत होते? आणि भोक पाडता येत नाही कारण मीच आत अडकलोय, हे सांगायची हिंमत कुठून आणायची?

बायको मात्र सबब घेऊन आली नाही. दिवे मालवायच्या आधी चिकटपट्टीच्या पलीकडून म्हणाली, "ऐकतोयस? एक सांगायचंय. हसायचं नाही."

"नाही हसणार."

"माझं डोकं झालं ना, की मी ते आप्पांच्या खोलीत नेऊन ठेवायचे. ते गेल्यावरसुद्धा. रात्रभर राहू द्यायचं आणि सकाळी उचलायचं. त्यांना दाखवल्याशिवाय ते झाल्यासारखंच वाटत नाही मला." तिनं पट्टीची सुटलेली कड दाबली. "आता महिना होत आला. माझं एकही डोकं झालेलं नाही. म्हणून पावलं काढत बसते. मला तिथे जाऊ दे ना रे. फक्त मला. दादाला कळलं तर तो आयुष्यभर चिडवेल, शपथ आहे तुला."

जावईबापू ताडकन उठून बसले. महिना. ज्या खोलीचं दार महिनाभर कोणी उघडलं नाही, ती खोली. आप्पांच्या खोलीत शिरायला आता आप्पाच लागणार होते, आणि ते काही येत नव्हते. येत्या शनिवारी सातला पेटी स्वतःच्या हातानं ती खोली झाडून लख्ख करणार होती. आप्पांनी तीस वर्षांत घडवलेले चेहरे, आणि त्यांच्यापुढे मागाहून ठेवलेलं सगळं. आणि तो नियम पुसायला गेलं तर वर जायला जिना नाही.

"का रे, काय झालं?"

"बघतो," जावईबापू म्हणाले, आणि रात्रभर छताकडे बघत पडले.

पुढचे दिवस त्यांनी आप्पांचा पासवर्ड शोधण्यात घालवले. घरातल्यांची नावं झाली, जन्मतारखा झाल्या, आप्पांच्या लाडक्या यंत्राचं नाव झालं, त्यांच्या नेहमीच्या शिव्याही झाल्या. प्रत्येक वेळी पेटीनं नम्रपणे नकार दिला. आप्पाच ते, दोन शब्दांत मावणारे नव्हते.

शुक्रवारी सासूबाई आल्या. बराच वेळ फोमच्या थप्प्यांवर हात फिरवत उभ्या राहिल्या.

"माझं काही नाही, जावईबापू. पण समजा, एखादी बाई आहे."

"बरं."

"आणि तिला एखाद्या खोलीत नुसतं बघायचंय. हात लावायचा नाही, काही न्यायचं नाही. तर तिच्यापुरती एखादी फट..."

"आई, नियम तुमचाच आहे. सगळे म्हणजे सगळे."

"मी कुठे माझ्याबद्दल बोलतेय?" सासूबाई फणकारल्या. "बाई समजा म्हटलं ना! आणि हे बोलणं झालंच नाही. शपथ आहे."

चार शपथा घशात अडकलेला माणूस जेवणार काय नि झोपणार काय? शनिवारी संध्याकाळी सहाला जावईबापूंनी सगळ्यांना कोठीत बोलावलं. आले सगळे, पण एका खोलीत एकच माणूस या नियमानं आत कोणी पाऊल टाकेना. चौघंही उंबरठ्यावर उभे राहिले, खांद्याला खांदा लावून, दारात अडकलेल्या कपाटासारखे.

जावईबापूंनी सगळं सांगितलं. झाडलोटीचा नियम, बंद केलेली खिडकी, आत अडकलेले आपण. "सात वाजता आप्पांची खोली पुसली जाणार. मला थांबवता येत नाही. एकच करता येतं. पेटीची वायर ओढायची आणि पुन्हा कधी लावायची नाही. लावली की ती पहिलं काम तेच करणार. पण मग तुमचं सगळ्यांचं कामही आतच राहणार, तासाभरात ते पेनड्राइव्हवर उतरणारं नाही. सगळं नव्यानं, हातानं करावं लागेल, आणि महिनाअखेर तर तोंडावर आलीय. मी एकटा कसा ठरवू? तुम्ही सांगा."

"अक्कल गहाण ठेवली होती का?" काका ओरडले.

"ठेवली होती. आता सांगा, वायर ओढू?"

 मेव्हण्यानं घसा खाकरला. "एवढं सगळं काम बुडवायचं म्हणजे... त्या खोलीत जातं तरी कोण?"

"हो ना," काका म्हणाले.  "कोण जातं? मी तर कधी गेलो नाही."

"मीही नाही," बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे असं बघितलं की बोलशील तर याद राख.

"मग पुसू दे की," मेव्हणा म्हणाला. आवाज मात्र त्याचा नव्हता.

"पुसू दे," काका म्हणाले आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून उगीच पुसायला लागले.

सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.  असली माणसं! घर जळेल, पण पाणी मागणार नाहीत, कारण मग तहान लागली होती हे कबूल करावं लागेल. घड्याळ पुढे सरकत होतं. जावईबापूंचं डोकं तापलं. ते कोणाची शपथ मोडू शकत नव्हते. पण एक शपथ त्यांना कोणी घातलीच नव्हती.

"मी जायचो," ते म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवल्या.

"रोज जायचो. आप्पा रोज संध्याकाळी विचारायचे ना, 'पेटी कशी आहे?' मी सांगायचो, 'ठीक आहे, आप्पा.' ते गेल्यावर सांगायचं कोणाला? म्हणून त्यांच्या खोलीत एक ओळ लिहून ठेवायचो. पेटी ठीक आहे. दोन वर्षं. मला ती खोली हवीय. तुमचं तुम्ही बघा."

बायको हुंदका देऊन म्हणाली, "मी डोकी ठेवायचे."

"तू?" मेव्हणा म्हणाला. "मी हात ठेवायचो! तुझी डोकी तिथे दिसायची, मला वाटायचं आप्पांच्या वेळची जुनीच आहेत. त्यांच्या मानेवरून तर मी खांद्याची मापं घ्यायचो!"

"आणि माझी धडं?" काका ओरडले. "मी भाऊंना दाखवल्याशिवाय एक बरगडी यंत्राला दिली नाही कधी. मी म्हणत होतो, आपोआप कसं काय बसतं सगळं एकमेकांत!"

म्हणजे पुतळे कुठे जुळत होते, हे दोन वर्षांनी कळलं. तिघंही एकदम बोलत होते, एकमेकांच्या अंगावर ओरडत होते, आणि ओरडता ओरडता नियम मोडून कोठीत शिरले होते. उंबरठ्यावर एकट्या सासूबाई उरल्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

सगळे उंबरठ्याकडे वळले.

"मी रोज बघायला जायचे ना. कोणी काय ठेवलंय ते. तुमची ती 'पेटी ठीक आहे'सुद्धा वाचायचे, जावईबापू. एकदा 'ठीक'मधला ठ राहिला होता तुमचा."

"आई, मग तुम्ही कोंडायला का सांगितलंत?"

सासूबाई उंबरठा ओलांडून आत आल्या. "का सांगितलं! डोकं झालं की ह्यांना दाखवायचं. हात झाला की ह्यांना. पेटी बरी आहे तेही ह्यांनाच. जो माणूस उरला नाही त्याच्यासाठी तुम्हाला रोज वेळ आहे. आणि मी वर बसलेय, जिवंत, दोन डोळ्यांची. मला दोन वर्षांत कोणी एक करंगळी आणून दाखवली नाही. म्हटलं, त्यांचं दार बंद झालं तर येतील माझ्याकडे झक मारत. कसलं काय! एकही जण आला नाही. मानेला पावलं काढलीत, तळव्याला डोळे काढलेत, पण जिना चढून वर कोणी आलं नाही."

"अगं, पण तुला कुठे कळतं त्यातलं?" मेव्हणा बोलून गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"नाही कळत!" सासूबाई ओरडल्या. "म्हणून काय दाखवायचं नाही? ह्यांना तरी आता काय कळतंय?"

 सात वाजायला आले होते. जावईबापू वायरीकडे वळले, पण सासूबाई त्यांना बाजूला सारून पुढे गेल्या, गुडघ्यावर बसल्या, फोमच्या थप्पीमागे हात घातला आणि वायर ओढली. पेटीची गुरगुर थांबली. इतकी वर्षं तो आवाज घरात होता की तो थांबल्यावरच तो असायचा हे सगळ्यांना कळलं. सासूबाई वायर हातात घेऊन खाली बसून राहिल्या. "आत आहेत ना पण?" त्यांनी विचारलं. "आत सगळं आहे ना?"

"आत सगळं आहे, आई. फक्त बघता येणार नाही."

"राहू दे मग," त्या म्हणाल्या आणि पदराला नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी माळ्यावरून मातीची पिंपं उतरवली. पडदा नाही, पेनड्राइव्ह नाही, मातीत करायचं आणि साचे काढायचे, आप्पा तरुणपणी करायचे तसं. मध्ये प्लायवूड नडायला लागलं तेव्हा मेव्हण्यानं लाथेनं ते पाडलं. भांडणंही परत आली, आणि दुप्पट आली, कारण आता दुसऱ्याचं काम बिघडवायला त्याच्या देखत जावं लागत होतं.

संध्याकाळी बायकोचं पहिलं डोकं तयार झालं. ती त्याच्यासमोर बसून राहिली, हात मातीनं माखलेले. जावईबापूंनी बघितलं, तिचे हात मानेखाली पुन्हा माती लावायला निघाले होते. मग ती उठली, डोकं फळीसकट उचललं आणि जिना चढायला लागली. काका आणि मेव्हण्यानं एकमेकांकडे बघितलं. एकानं धड उचललं, दुसऱ्यानं हात, आणि दोघं तिच्या मागून निघाले. जावईबापूंकडे न्यायला काहीच नव्हतं. ते तसेच गेले.

सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आई, बघ गं," बायको म्हणाली आणि डोकं टेबलाच्या तुकड्यावर ठेवलं.

सासूबाईंनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. डोक्याभोवती एक फेरी मारली, मग उलटी एक मारली. जन्मात त्यांनी कधी डोकं तपासलं नव्हतं. सगळे वाट बघत उभे होते आणि हे त्यांना दिसत होतं. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"डावा कान जरा खाली आलाय," त्या म्हणाल्या.

कान अगदी जागेवर होता. जावईबापूंना दिसत होतं, काकांना दिसत होतं, आणि बायकोला तर डोळे मिटूनही कळलं असतं. मेव्हण्यानं तोंड उघडलं, तसं तिनं त्याच्या पायावर पाय दिला. मग ती मुकाट्यानं वाकली, अंगठ्यानं कान थोडा वर सरकवला आणि आईकडे बघितलं.

"आता?"